यकृतातील गळू : निदान आणि उपचार

अंगावरचे गळू दिसते, हाताला लागते, पिकले की फुटते. पोटाच्या पोकळीत खोलवर साचलेल्या पुवाचे तसे नसते. सुश्रुतसंहितेत अशा गळवाला अंतर्विद्रधी म्हटले असून त्याच्या स्थानांत यकृताचीही गणना केली आहे. फुटलेल्या आंत्रपुच्छाभोवती किंवा मणक्याच्या क्षयामुळे कमरेच्या खोल स्नायूतही पू साचतो. परंतु अस्वच्छ पाण्याशी ज्याचा थेट संबंध आहे, ते यकृतातील अमीबाजन्य गळू होय.

दूषित पाण्यातून वा अन्नातून अमीबाचे कोश आतड्यात जातात. तेथून हे जंतू रक्तावाटे यकृतात, बहुधा त्याच्या उजव्या भागात पोहोचतात व तेथील पेशींचा नाश करतात. वीस ते पन्नास वर्षांच्या पुरुषांत, विशेषतः मद्यपींत, हा विकार अधिक आढळतो.

रुग्णाला ताप येतो, उजव्या बरगडीखाली दुखते, खोल श्वास घेताना कळ येते. कधी ती उजव्या खांद्यात जाणवते. फसगत होते ती पुढेच. यांपैकी बहुतेकांना त्या वेळी जुलाब होत नसतात, कावीळही क्वचितच असते. त्यामुळे हिवताप समजून दिवस जातात, किंवा पोट चोळून घेतले जाते. हे चोळणे धोक्याचे आहे. गळू पोटात किंवा छातीत फुटू शकते. डाव्या भागातील गळू हृदयावरणात फुटल्यास प्राणावरच बेतते. म्हणून ताप आणि उजव्या कुशीतील दुखणे एकत्र दिसताच रुग्णाला सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. या तपासणीत गळवाची जागा व आकार दिसतो. रक्ततपासणीने अमीबाचा पुरावा मिळतो.

1912 साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीनची इंजेक्शने वापरात आणली. ती गुणकारी, पण हृदयाला अपायकारक होती. 1960 नंतरच्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले आणि चित्र पालटले. या औषधाने बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. साधारणतः तीन-चार दिवसांत ताप उतरतो. उपचार सात ते दहा दिवसांचा असतो. ताप उतरला म्हणून तो अर्ध्यावर सोडू नये व त्या काळात मद्य कटाक्षाने वर्ज्य करावे. त्यानंतर आतड्यातील उरलेल्या कोशांसाठी वेगळे औषध द्यावे लागते. हा टप्पा पुष्कळदा विसरला जातो आणि दुखणे उलटते.

गळू फार मोठे असेल, डाव्या भागात असेल किंवा औषधाला दाद देत नसेल, तर सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई वा नळी घालून पू काढतात. तो तपकिरी, चॉकलेटी रंगाचा व बहुधा दुर्गंधीरहित असतो. जिवाणूंमुळे होणारे गळू निराळे. ते मधुमेही व वृद्धांत अधिक आढळते. त्याला कित्येक आठवडे प्रतिजैविके आणि सहसा पुवाचा निचरा, दोन्ही लागतात.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे आवश्यकच आहे. पण नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनला अमीबाचे कोश सहसा दाद देत नाहीत. पाणी उकळल्याने ते मरतात. विष्ठा पाणवठ्यापर्यंत पोहोचू न देणे हा याहून मूलगामी उपाय.

बरे झाल्यावरही यकृतातील पोकळी सोनोग्राफीत काही महिने दिसत राहते. रुग्णाला त्रास नसेल, तर केवळ तेवढ्यावरून पुन्हा औषधे सुरू करण्याचे कारण नाही.