थायरॉइडची गोळी आणि गर्भधारणा

प्रश्न : वय 29 वर्षे, विवाहाला दीड वर्ष झाले. टीएसएच 7.8 आल्याने थायरॉइडची गोळी सुरू आहे. बाळाला अपाय होईल म्हणून दिवस राहण्यापूर्वी ती बंद करावी, असे घरातील ज्येष्ठ म्हणतात. हे योग्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा समज चुकीचा असून गोळी बंद करणेच अधिक धोक्याचे आहे. या गोळीतील लेव्होथायरॉक्सिन हे शरीरात कमी पडणाऱ्या संप्रेरकाची, म्हणजे ग्रंथीतून रक्तात मिसळणाऱ्या द्रव्याची, भरपाई करते. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिल्या तिमाहीत पुरेशी कार्यक्षम नसल्याने त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते. ही कमतरता राहिल्यास स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया अनियमित होऊ शकते आणि गर्भपाताची शक्यता वाढते.

उपचार घेताना टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, 2.5 च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट सामान्यतः ठेवले जाते. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचे अंतर राखावे. पाळी चुकताच चाचणी करून डॉक्टरांना कळवावे, कारण गर्भारपणात मात्रा बहुधा 25 ते 30 टक्के वाढवावी लागते. मात्र हा बदल स्वतःहून करू नये.

प्रयत्नांना वर्ष उलटले असल्यास पतीच्या वीर्यतपासणीसह दोघांचीही तपासणी करून घ्यावी. नियमित उपचारांनी टीएसएच आटोक्यात आल्यावर असंख्य स्त्रियांना सुदृढ अपत्ये होतात. म्हणून आपण निश्चिंत मनाने उपचार सुरू ठेवावेत.