रोमन कपडा घ्यायचा तर किती दिवस राबायचं?

रोमन नाण्यांचे आजचे रुपये करून सांगण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. एक वस्तू घ्यायला माणसाला किती दिवस राबावं लागलं हे विचारावं, म्हणजे ती किती महाग होती ते खरं कळतं. सुदैवाने इसवी सन ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने कमाल दरांचा हुकूम काढला आणि तो दगडांवर कोरून घेतला. त्यात वस्तूंचे दर आहेत, तशीच मजुरीही आहे. शेतमजुराला रोज २५ दिनार, जेवण मालकाकडे. सुताराला ५०. इथला हिशेब शेतमजुराच्या २५ दिनारांवर मांडला आहे. हे कमाल दर होते आणि ते मोडणाऱ्याला मृत्युदंड होता. त्या भीतीने माल बाजारातून नाहीसा झाला, असं त्याच काळातला लेखक लॅक्टॅन्शियस लिहितो. तेव्हा पुढचे आकडे जरा ढोबळच माना.

आधी पायातलं. शेतकऱ्याचे किंवा खेचरं हाकणाऱ्याचे उत्तम प्रतीचे बूट, खिळे न मारलेले, १२० दिनार. म्हणजे जवळपास पाच दिवसांची मजुरी. बायकांचे बूट ६०.

थंडीसाठी अंगावर घ्यायचं जाड वस्त्र आफ्रिकेकडचं घेतलं तर ५०० दिनारांत, म्हणजे वीस दिवसांत भागतं. लाओडिसिया शहराचा टोपीचा झगा मात्र ४,५०० दिनार. एकही दिवस खाडा न करता सहा महिने राबलात, तर अंगावर एक झगा!

आता शिलाई बघा. उत्तम प्रतीचा असा झगा बेतून शिवायचे शिंप्याला ६० दिनार, विजारीचे २०. आज आपण बरोबर उलटी तक्रार करतो, की कापडापेक्षा शिलाईच महाग पडली. तिथे सगळा पैसा कापडात जायचा, कारण कापडाचा प्रत्येक धागा कुणीतरी हाताने काढलेला असे. लोकर धुवायची, विंचरायची, मग टकळीला पीळ देऊन सोडायची. ती जमिनीला टेकेपर्यंत जेवढं सूत निघेल तेवढं गुंडाळायचं आणि पुन्हा सोडायची. माग त्यानंतर. रोमन बायकांच्या थडग्यांवर ‘हिने लोकर कातली’ असं कौतुकाने कोरलेलं आढळतं. त्या मोजक्या शब्दांमागे आयुष्यभराचे कष्ट आहेत.

म्हणून जुनं टाकू नका. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात थोरल्या केटोने शेतीवरच्या पुस्तकात मालकांना सल्ला दिला आहे: गुलामांना एक वर्षाआड नवं वस्त्र द्यावं, पण आधी जुनं परत घ्यावं, त्याच्या गोधड्या होतात. सल्ला कंजूष माणसाचा आहे आणि गुलामाच्या अंगावरचं फाटकंही मालकाचंच, हे वाचताना मन विटतं. पण कापडाचं मोल त्यातून नेमकं कळतं.

टोग्यावर खर्च करू नका. तो नागरिकांचाच पोशाख, आणि इटलीच्या बऱ्याच भागात तो माणसाच्या अंगावर मेल्यावरच चढतो, असं जुव्हेनाल या कवीने दोनशे वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं. जांभळ्या रेशमाचा तर विचारच नको. पौंडाला १,५०,००० दिनार, सोन्याच्या दुपटीहून जास्त. मजुराची सोळा वर्षं.

हलकं सुती कापड रोमनांकडे हिंदुस्थानातून जाई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात तगरचं, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं नाव आहे. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात उतरत असे.

एका खर्चात मात्र कसूर करू नका. सार्वजनिक स्नानगृहात कपडे सांभाळणाऱ्याचा दर माणशी २ दिनार आहे, तो द्याच. ब्रिटनमध्ये बाथ इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात, सुलिस देवीच्या कुंडात, शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले चोरांना दिलेले शाप सापडले आहेत आणि त्यांत कपड्यांच्या चोऱ्या वारंवार येतात. डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीचा झगा गेला होता. चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, देवीने त्याला मरण द्यावं, आणि माझा झगा तिच्या देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू नये, मूलबाळ होऊ नये, असं त्याने पत्र्यावर कोरून पाण्यात सोडलं.