जुन्या मोटारीच्या पोटातील पाणी

घाट चढून आलेली जुनी मोटार रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी आहे, तिच्या तोंडातून वाफ निघत आहे आणि चालक पाण्याचा डबा शोधत आहे, हे दृश्य चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटातून प्रवास करणाऱ्यांनी केव्हा ना केव्हा पाहिलेले असते. 'गाडीला तहान लागली' असे आपण विनोदाने म्हणतो. परंतु पुष्कळदा गाडीचे दुखणे तहानेचे नसून पोटाचे असते. ते दुखणे कसे जडते आणि ते घालविण्यासाठी जुन्या एंजिनाचे पोट कसे धुवावे, याचा विचार आपण या पाठात करू.

विवेचनाच्या सोयीसाठी आपण सर्वांच्या ओळखीची अँबॅसिडर मोटार घेऊ. ही मोटार बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत असे. तिच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल एंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरील हेड, दोन्ही ओतीव लोखंडाची आहेत. पेट्रोल जळताना सिलिंडरातील वायूंचे उष्णतामान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते; ओतीव लोखंड तर सुमारे १२०० अंशांसच वितळते. मग एंजिन वितळून का जात नाही? कारण पेट्रोलमधून निघालेल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी वाहून नेते. एक लिटर पाण्याचे उष्णतामान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. इतकी उष्णता पोटात घेऊनही फारसे न तापणारा आणि इतका स्वस्त दुसरा द्रव नाही.

या पाण्याचा मार्ग असा. रेडिएटरच्या खालच्या टाकीतून पंप पाणी ओढतो व ब्लॉकमध्ये ढकलतो. सिलिंडरांभोवती फिरून ते हेडमध्ये चढते, थर्मोस्टॅट नावाच्या झडपेतून बाहेर पडते, वरच्या रबरी नळीने रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते आणि तांब्यापितळेच्या बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने निवते. एंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद राहतो. पाणी पुरेसे तापले म्हणजेच तो उघडतो. गाडी तापते म्हणून तो काढून फेकण्याचा उपाय काही ठिकाणी करतात, तो योग्य नव्हे. तसे केल्याने एंजिन गरम होण्यास वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळते व झीजही वाढते.

आता बिघाडाकडे वळू. ज्यांच्या न्हाणीघरात अजून तांब्याचा बंब आहे, त्यांनी त्याच्या आतील पांढरे कवच पाहिलेच असेल. विहिरीच्या वा बोअरच्या कठीण पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे विघटन होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट भांड्याच्या अंगाला चिकटते. हेच एंजिनात घडते. शिवाय लोखंडाला गंज चढतो व त्याचा तांबूस गाळ खाली बसतो. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णतेचा फारच मंद वाहक असल्यामुळे पाणी समोर असूनही धातूची उष्णता त्यास मिळत नाही. रेडिएटरच्या नळ्या अर्ध्या बुजतात. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. परंतु घाटात एंजिन जोराने फिरते, गाडी मात्र हळू चालते, वारा कमी मिळतो आणि उणीव उघडी पडते. हेड वाकते, त्याखालची गॅस्केट जळते, आणि थोडक्या खर्चात टळले असते असे काम मोठ्या खर्चाचे होऊन बसते. गाडीवर ज्याचे पोट आहे, त्याची त्या दिवसांची रोजीही बुडते.

येथे पदार्थविज्ञानाचा आणखी एक नियम लक्षात घेऊ. हवेचा दाब कमी, तर उत्कलनबिंदूही कमी. समुद्रकाठी पाणी १०० अंशांस उकळते. सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात ते साधारण साडेसत्त्याण्णव अंशांसच उकळते. म्हणूनच रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग बसविलेली असते. दर चौरस इंचास ७ पौंड जादा दाब राखणारे झाकण समुद्रसपाटीवर उत्कलनबिंदू सुमारे १११ अंशांपर्यंत नेते. परंतु यातच धोकाही आहे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडताच दाब एकाएकी उतरतो, आतील पाण्याची क्षणात वाफ होते आणि ते तोंडावर व हातांवर उसळते. यासाठी एंजिन पूर्ण गार झाल्यावाचून झाकणास हात लावू नये. तापून लाल झालेल्या एंजिनात गार पाणीही ओतू नये. ओतीव लोखंडास तडा जाण्याचे भय असते.

प्रत्यक्ष काम वडीलधाऱ्या जाणत्या माणसाबरोबरच करावे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अटकाव लावावा. एंजिन थंड झाल्यावर झाकण काढावे, खाली रुंद भांडे ठेवावे आणि रेडिएटरच्या तळाची तोटी उघडावी. ब्लॉकच्या बाजूसही एक तोटी असते. ती विसरली तर सर्वांत जाड गाळ आतच राहतो. पुष्कळदा ती गाळाने बुजलेली असते. तारेने हलकेच मोकळी करावी.

यानंतर थर्मोस्टॅट काढून ठेवावा व दोन्ही नळ्या सोडवाव्या. रोज पाणी रेडिएटरात वरून खाली जाते. धुताना ते उलट, खालून वर सोडावे. जो कचरा ज्या दिशेने येऊन अडकला, त्याच्या विरुद्ध दिशेने तो सहज सुटतो. पाण्याचा जोर बेताचा ठेवावा, कारण जुन्या रेडिएटरचे डाग जोर सोसत नाहीत. ब्लॉकही असाच उलट धुवावा. स्वच्छ पाणी येईपर्यंत काम थांबवू नये.

थर फार घट्ट असेल तर औषधाची गरज लागते. पूर्वी धुण्याचा सोडा वापरीत. परंतु सोडा ॲल्युमिनियम खातो. जुन्या फियाट अकराशेचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. तेथे सोडा म्हणजे अपायच. लिंबूसत्त्वाचे सौम्य द्रावण चुन्याचा थर व गंज सोडविते, पण तेही आम्लच असल्याने नंतर अनेकवार पाण्याने धुऊन काढावे लागते. धातू ओळखल्यावाचून औषध घालू नये, हा येथील मुख्य नियम.

जोडणी करताना फुगलेल्या, भेगाळलेल्या नळ्या बदलाव्या. थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात टांगून तापवावा आणि त्यावर कोरलेल्या अंशांस तो उघडतो की नाही, हे उष्णतामापकाने पाहावे. ते भांडे पुन्हा स्वयंपाकास घेऊ नये. भरण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट निम्मेनिम्म घ्यावे. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही. तरी कूलंटमुळे गंज रोखला जातो व उत्कलनबिंदूही वाढतो. झाकण उघडे ठेवून, एंजिन मंद चालवून, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत सावकाश भरावे. वरची नळी गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला असे समजावे. दुसऱ्या दिवशी एंजिन गार असताना पातळी पुन्हा पाहावी आणि कोठे गळती आहे का, हेही तपासावे. कारण कधीकधी गाळानेच जुनी भोके बुजविलेली असतात.

काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, परंतु विषारी असते. कुत्रे, वासरू किंवा लहान मूल ते गोडीने चाटील आणि मूत्रपिंडे निकामी होऊन प्राणास मुकेल. ते झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर नाव लिहून, योग्य विल्हेवाट लावणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

इतके करूनही रेडिएटरात सतत बुडबुडे येत असतील किंवा तेल दुधासारखे झाले असेल, तर गॅस्केट फुटल्याची शंका घेऊन गाडी कारागिराकडे न्यावी. धुण्याने मळ जातो, मोडलेले सांधत नाही. वेळेवर केलेली थोडी निगा मोठी हानी टाळते, हे यंत्राच्या बाबतीत जितके खरे, तितकेच आपल्या शरीराच्या बाबतीतही आहे.

स्वाध्याय : (१) रेडिएटर उलट दिशेने का धुवावा? (२) गरम एंजिनाचे झाकण उघडल्यास पाणी का उसळते? (३) आपल्या घरातील पाणी तापविण्याच्या भांड्याचे निरीक्षण करून त्यातील थराविषयी पाच ओळी लिहा.