एका काविळीवर दुसरी कावीळ

यकृतदाहाच्या विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी अक्षरे देण्यात आली आहेत. त्यावरून ही पाचही एकाच कुळातील भावंडे असावीत, असा समज होतो. तो खरा नाही. यकृतात शिरून दाह उत्पन्न करणे एवढेच त्यांच्यात साम्य आहे. त्यांतील डी विषाणू तर इतका परावलंबी आहे की, बी विषाणू सोबत असल्याखेरीज त्याचा संसार चालतच नाही.

इ. स. १९७७ मध्ये इटलीतील तुरीन येथे मारिओ रिझेत्तो आणि त्यांचे सहकारी बी विषाणूच्या रुग्णांच्या यकृताचे सूक्ष्म तुकडे चकाकणाऱ्या रंजकाच्या साहाय्याने तपासीत होते. काही पेशींच्या केंद्रकांत त्यांना असा एक प्रतिजन आढळला, की जो बी विषाणूच्या कोणत्याही ज्ञात प्रतिजनाशी जुळेना. त्याला 'डेल्टा' हे नाव मिळाले. हा बी विषाणूचाच एखादा नवा घटक असावा, असे आरंभी वाटले. पुढे अमेरिकेत चिंपांझींवर प्रयोग झाले, तेव्हा हा निराळाच संसर्गकारी घटक असल्याचे उघड झाले.

त्याची सारी आनुवंशिक सामग्री म्हणजे सुमारे १,७०० घटकांचे आरएनएचे एक कडे. प्राण्यांच्या ज्ञात विषाणूंत इतके तोकडे भांडवल क्वचितच कोणाचे असेल. या भांडवलात बाह्य आवरण तयार करण्याची सोय नाही. ते तो बी विषाणूकडून उसने घेतो. हे आवरण म्हणजेच बरूच ब्लूमबर्ग यांना १९६० नंतरच्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात प्रथम सापडलेला 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' होय. त्याच्याविना डी विषाणूला एका माणसाच्या यकृतातून दुसऱ्याच्या यकृतात प्रवेश मिळत नाही.

यामुळे कोणता विषाणू आधी आला, या प्रश्नाला विलक्षण महत्त्व येते. दोन्ही विषाणू एकाच वेळी निरोगी प्रौढाच्या शरीरात शिरले, तर आजार तीव्र होऊ शकतो. पण बहुधा शरीर बी विषाणूला हुसकावून लावते आणि आधार तुटल्याने डीही नाहीसा होतो. शंभरांत पाचांहूनही कमी रुग्णांत हा दुहेरी रोग चिवट बनतो. याउलट, वर्षानुवर्षे बी विषाणू वागविणाऱ्या माणसाला डीची बाधा झाली, तर आवरणांचा साठा तयारच असतो. अशा शंभरांपैकी सत्तर ते नव्वद रुग्णांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. यकृत घट्ट व व्रणमय होण्याची क्रिया, म्हणजे सिरोसिस, त्यांच्यात फार वेगाने घडते. येथे चिकित्सकाचीही फसगत होते. डी विषाणू पुष्कळदा बीची वाढ दाबून ठेवतो; रक्तातील बीचे प्रमाण कमी भरते आणि रोग आटोक्यात आहे असे वाटते, पण यकृत मात्र खंगत असते.

हे केवळ प्रयोगशाळेतील गणित नव्हे. व्हेनेझुएलातील युक्पा आदिवासींत बी विषाणूचे वाहक पुष्कळ होते. १९७९ पासूनच्या काही वर्षांत त्यांच्यात काविळीची साथ पसरली. १४९ जणांना ती जडली आणि ३४ जण दगावले. साथीच्या मुळाशी डी विषाणू होता.

भारतात डी विषाणू त्या मानाने कमी आढळतो. येथे जुन्या रोगावर नवा रोग चढतो तो बहुधा पाण्याच्या वाटेने. १९५५-५६ मध्ये यमुनेचे दूषित पाणी नळांत शिरून दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. तिचे कारण ई विषाणू होते, हे फार पुढे कळले. धडधाकट माणसाला ई किंवा ए विषाणूची कावीळ बहुधा काही आठवड्यांत सोडते. (गर्भवती स्त्रियांना मात्र ई विषाणू घातक ठरतो.) परंतु बी, सी किंवा मद्य यांनी अगोदरच जर्जर केलेल्या यकृताला हा धक्का सोसत नाही, आणि काही आठवड्यांत ते निकामी होऊ शकते.

डीवर उपाय थोडेच. इंटरफेरॉन निम्म्याहूनही कमी रुग्णांना गुण देते. यकृतपेशीचे द्वार रोखणाऱ्या बुलेव्हिर्टाइड या औषधाला युरोपात २०२० मध्ये सशर्त मान्यता मिळाली. बी विषाणूची लस मात्र एकाच वेळी दोघांनाही अटकाव करते. इटलीने १९९१ मध्ये ती बालकांना सक्तीची केली, आणि तेथील तरुण पिढीत डीचे प्रमाण घटले. तथापि ज्याच्या रक्तात बी विषाणू अगोदरच ठाण मांडून आहे, त्याला ही लस डीपासून वाचवू शकत नाही. त्याने दुसऱ्याची सुई किंवा वस्तरा वापरू नये, ए विषाणूची लस टोचून घ्यावी आणि पाणी उकळून प्यावे.