दारू सोडणाऱ्यास सोबत पाहिजे

खेडोपाडींच्या मंडळ्यांतून असें वारंवार घडतें कीं, एखादा बंधु सर्वांसमक्ष दारू सोडण्याची शपथ घेतो, मंडळीस आनंद होतो, आणि महिन्याभरांत तो पुन्हां गुत्त्यावर दिसतो. मग आपण त्याला खोटा ठरवितों. परंतु पुष्कळदां त्याची शपथ खरीच असते; शपथेनंतर तो एकटा पडतो, हें त्याच्या पडण्याचें मोठें कारण होय. ह्या पाठांत आम्ही ह्याच गोष्टीचा विचार करणार आहों.

अमेरिकेंत ओहायो प्रांतीं ॲक्रन नांवाचें शहर आहे. १९३५ सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचे बिल विल्सन नांवाचे गृहस्थ धंद्याच्या कामानिमित्त तेथें आले होते. ते पूर्वी अट्टल मद्यपी होते. दारू सोडून त्यांस पांच महिने झाले होते. काम फसलें आणि परक्या गांवीं, हॉटेलांत एकटे असतां, त्यांस दारूची ओढ लागली. तेव्हां त्यांनीं एका पाळकास टेलिफोन करून, ज्याच्याशीं बोलतां येईल असा दुसरा कोणी मद्यपी गांवांत आहे काय, असें विचारलें. त्यावरून त्यांची गांठ डॉ. बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्यांशीं पडली. विल्सन ह्यांनीं त्यांस उपदेश न करितां स्वतःची हकीकत सांगितली, आणि दोघे कित्येक तास बोलत बसले. डॉक्टरांनीं शेवटचा प्याला घेतला तो दिवस, १० जून १९३५, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ह्या मंडळाचा स्थापनादिन मानितात. दुसऱ्यास सावरतांना विल्सन स्वतः सावरले, हेंच ह्या कार्याचें वर्म आहे.

ह्या मंडळाच्या सभा आज महाराष्ट्रांतहि भरतात. तेथें फी नाहीं, व पूर्ण नांव सांगण्याची गरज नाहीं. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनीं १९८६ सालीं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ति केंद्र काढलें. तेथेंहि व्यसनांतून सुटलेले लोक इतरांस हात देतात.

उपदेशकांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. जो रोज पुष्कळ पितो त्यानें एकाएकीं दारू बंद केल्यास पहिल्या कांहीं दिवसांत हातपाय कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असें घडूं शकतें. प्रसंगीं जीवहि जातो. म्हणून त्यास आधीं डॉक्टरांकडे न्यावें.

२. ओढ लाटेसारखी चढते व ओसरते. तेवढा वेळ कोणीतरी जवळ बसावें, बोलावें, फिरावयास न्यावें. भूक, राग, एकटेपणा व थकवा हीं तिचीं चार दारें होत; त्यांवर नजर असावी.

३. जन्मभराच्या शपथेचें ओझें त्याच्यावर न घालतां, “आजचा दिवस पिणार नाहीं,” एवढेंच त्यास म्हणूं द्यावें.

४. पाय घसरला तर त्यास वाळींत टाकूं नये, व त्याच्या पत्नीसहि बोल लावूं नये. दुसऱ्याच दिवशीं त्याच्या घरीं जावें. दारू सोडलेल्या दोघां-तिघांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र बसावें, आणि तेथें बोललेलें बाहेर जाऊं देऊं नये.

पुष्कळ गांवीं बाजाराची वाट गुत्त्यावरूनच जाते, आणि त्या दिवशीं हातांत मजुरीहि असते. तर मंडळींत विचारावें: आपल्या गांवीं दारू नुकतीच सोडलेला कोण आहे, आणि येत्या बाजाराच्या दिवशीं त्याच्याबरोबर कोण जाईल?