वृद्धिवक्र आणि विलंबकाल

डिसेंबर-जानेवारीत बंगळुरूमधील रात्रीचे तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि एरवी रात्रभरात फुगणारे इडलीचे पीठ सकाळी जवळजवळ होते तसेच आढळते. हे पीठ फुगविण्यात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जीवाणूचा मोठा वाटा असतो. थंडीत त्याची वाढ उशिरा सुरू होते, की सुरू झालेली वाढ संथ चालते? स्वयंपाकघरात दोन्हींचा परिणाम एकच. जीवाणुशास्त्रात मात्र हे दोन वेगळे प्रश्न होत.

ठरावीक वेळाने नमुने घेऊन जीवाणूंची संख्या मोजावी. (पिठात गढूळपणावरून संख्या ठरविता येत नाही, वसाहती मोजाव्या लागतात.) आरंभीच्या संख्येशी तिचे गुणोत्तर काढून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम काळासमोर मांडला, की बिंदूंची रांग प्रथम सपाट, मग चढती, शेवटी पुन्हा सपाट दिसते. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये मनुष्याच्या मृत्युमानासाठी मांडलेले सूत्र अशा रांगेला चांगले बसते. १९९० मध्ये झ्विटरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची अशी फेरमांडणी केली, की विलंबकाल, वाढीचा कमाल वेग व अंतिम पातळी ही तीन प्राचले त्यातून थेट मिळावीत. ‘आर’सारखी संगणकीय आज्ञावली बिंदू व वक्र यांतील अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी प्राचले शोधते. मात्र आरंभीचे अंदाज अभ्यासकाने द्यावयाचे असतात. ते फार चुकले तर गणित मुक्कामी पोहोचत नाही.

विलंबकाल म्हणजे जीवाणूंच्या स्वस्थ बसण्याचा काळ, असा समज सहज होतो. वस्तुतः वक्राच्या सर्वांत चढत्या बिंदूवरील स्पर्शरेषा खाली वाढविली असता ती आरंभीच्या पातळीला जेथे छेदते, ती वेळ म्हणजे विलंबकाल. अंतिम पातळी ९ धरली, तर गॉम्पर्ट्झच्या वक्रानुसार त्या वेळी संख्या १.८ पट झालेली असते. त्याच पद्धतीने मांडलेल्या लॉजिस्टिक वक्रानुसार ती जवळजवळ तिप्पट! साहजिकच त्याच मोजमापांना हे दोन वक्र वेगवेगळे विलंबकाल देतात. म्हणून थंडीतील आकडा एका वक्रावरून व उन्हाळ्यातील दुसऱ्यावरून घेऊन केलेली तुलना व्यर्थ होय.

वक्र डोळ्यांना सुबक दिसला, तरी बिंदू सलग एकाच बाजूला पडत असतील, तर सूत्र बसलेले नाही. पहिल्या काही तासांतील मोजमापे विरळ असतील, तर विलंबकालाची अनिश्चिततेची मर्यादा इतकी रुंदावते, की दोन ऋतूंतील फरक तीत बुडून जातो. थंडीच्या प्रयोगात नमुने मध्यरात्रीपूर्वीच दाट घ्यावे लागतात ते यासाठी.