सुमनचा अर्ज

सुमनचे लग्न झाले. नवरा मराठी घरातला, पण ब्रिटनचा नागरिक. आता सुमनला सासरी जायचे आहे. त्यासाठी व्हिसा हवा. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशात जाण्याचा परवाना.

तात्या म्हणाले, "एक दलाल भेटला. पैसे द्या म्हणतो, हवे ते दाखले बनवून देतो."

"नको तात्या! खोटा कागद उघडा पडला, तर 10 वर्षांपर्यंत ते दार बंद होऊ शकते."

सुमनने खरे कागद जमवले. पासपोर्ट काढला. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करून दाखला घेतला. क्षयरोगाची तपासणी करून घेतली. इंग्रजी बोलण्याची परीक्षा दिली. नवऱ्याने पगाराचे पुरावे पाठवले. मग सुमनने संगणकावर अर्ज भरला. ओळ न् ओळ वाचून पाहिली. पुढे मुंबईच्या केंद्रात जाऊन फोटो काढला, बोटांचे ठसे दिले.

आई चमकली. "ठसे? अगं, तुला तर सही येते!"

सुमन हसली. "आई, तिथे ठसे सर्वांचेच घेतात. शिकलेल्यांचेसुद्धा."

मंडळी, लग्न खरे असले तरी ते कागदाने दाखवावे लागते. म्हणून कागद खरेच हवेत. अन् वाचल्यावाचून कशावरही सही करू नये.